प्रोग्रामेबल झाड

४ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण प्रोजेक्ट. मोठ्या कामाची नोंद लागते, नाहीतर पुढे लोक म्हणतात आपोआपच झालं.

प्रार्थनेनंतर चर्चच्या सजावट कमिटीची मीटिंग. आवारात दर नाताळला उभं करायचं ते प्लास्टिकचं झाड उंदरांनी खाल्लं आहे. सेक्रेटरी म्हणाले, दाराला दिव्यांची एक माळ सोडू आणि मोकळे होऊ. कॉयरची मंडळी मागच्या बाकांवर आपापल्या वह्या आवरत होती. ही त्यांच्यातच होती. मी उभा राहिलो. उभा राहणार आहे हे मलाही आधी माहीत नव्हतं. म्हणालो, यंदा एलईडीचं प्रोग्रामेबल झाड करू. दीड पुरुष उंच. प्रत्येक दिव्याला वेगळा रंग, आणि गाण्यागणिक बदलणारा. सेक्रेटरींनी विचारलं, असं पूर्वी कधी केलंय? मी म्हणालो, तत्त्व तेच असतं. कशाचं, ते कोणी विचारलं नाही. ठराव पास.

हिने मान वर करून पाहिलं. बराच वेळ.

ही जूनपासून माहेरी आहे. सासूबाईंचा गुडघा. माहेर काही लांब नाही, पुलापलीकडे, पण गुडघ्याचं दुखणं म्हटलं की रात्री जवळ माणूस लागतं. मी अडवलं नाही. संसारात एवढं मोठं मन ठेवावं लागतं.

६ ऑक्टोबर

संकल्प: रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक तास अभ्यास.

आज तीन व्हिडिओ पाहिले. प्रकार सोपा आहे. दिव्यांची लांब पट्टी येते. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप. काड्यापेटीएवढा कंट्रोलर पहिल्या दिव्याला निरोप देतो, तो आपल्यापुरतं ऐकून बाकीचं पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. असं शेंड्यापर्यंत. म्हणजे ऐकणं आणि पुढे सांगणं, एवढंच काम. यात चुकण्यासारखं काही दिसत नाही.

दुपारी मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाताच्या डॉक्टरीणबाईंचा धडा होता. त्यांना हे समजावून सांगत होतो. चौकात त्यांची गाडी दोनदा बंद पडली. ग्रहणशक्ती कमी.

१० ऑक्टोबर, शनिवार

झाडाची जागा ठरवली. हॉलच्या दारासमोर. हॉलमध्ये शनिवारी कॉयरची प्रॅक्टिस असते, हा निव्वळ योगायोग. पाण्याच्या टाकीजवळही जागा होती, पण तिथे ओल असते.

प्रॅक्टिस चालू होती तेवढा वेळ माप घेत होतो. माप पक्कं हवं म्हणून पुन्हा घेतलं.

ही बाहेर आली. म्हणाली, जेवता ना वेळेवर? (काळजी.) मी म्हणालो, हो. मग म्हणाली, कपाटातली जाड शाल आणि दोन स्वेटर पुढच्या शनिवारी आणाल का? सासूबाईंचं घर गारच आहे. दोन स्वेटर म्हणजे फार तर महिनाभराची थंडी. कायम राहायचं असतं तर माणूस सगळेच मागतं. मी मनाशी हिशेब केला आणि बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर

पट्ट्या आल्या. कंट्रोलर आला. सोल्डरिंग आयर्न आणलं. जेवणाच्या टेबलावर बसलो.

टेबल एका जागी थोडं जळलं. सोल्डरिंग आयर्नला स्टँड लागतो हे व्हिडिओत सांगायला हवं होतं. जळलेल्या जागी फुलदाणी ठेवली. ही यायच्या आत पॉलिश करून घेईन.

पण पहिला दिवा लागला. हिरवा. फक्त पहिलाच, बाकी काळोख, पण तो असा लागला की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. घरात कोणाला बोलवावं कळेना. लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी बोललात का? मी म्हणालो, कशाबद्दल? पलीकडून काही आवाज येईना. तिच्या भागात रेंजचा फार त्रास आहे.

शाल आणि स्वेटर पोचवले. घाईत होतो, आत गेलो नाही. आत बोलावलं असतं तर गेलो असतो.

२५ ऑक्टोबर

भाजीबाजारात सासूबाई भेटल्या. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या आणि माझ्यापुढे चार पावलं. मी धापा टाकत गाठलं. म्हणालो, आई, गुडघा कसा आहे? म्हणाल्या, कोणता गुडघा? मग माझ्याकडे पाहिलं, पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, हां, गुडघा. असतो दुखत अधूनमधून.

या पिढीला दुखणं लपवायची सवय आहे. म्हणूनच हिने जवळ राहायला हवं.

जाताना म्हणाल्या, तुम्ही बारीक झालात हो. आणि पिशवीतले दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवले.

१ नोव्हेंबर

सकाळी हिचा मामेभाऊ टेंपो घेऊन आला. शिलाई मशीन न्यायला. म्हणाला, ताईने ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे. मला ठाऊकच होतं, फक्त सांगितलं नव्हतं कोणी. मशीन जड आहे. मीच एका बाजूने धरलं. जिन्यात म्हणालो, सांभाळून, हे परत वर चढवायचंय. मामेभाऊ काही बोलला नाही. वजनाने दम लागला असावा.

मशीनचा कोपरा रिकामा झाल्यावर केवढा मोठा दिसतो. झाडाचा सांगाडा उभा करायला नेमकी अशीच जागा हवी होती. हिला प्रोजेक्टची कल्पना आहेच. मुद्दाम करून दिली असेल.

कोपऱ्यातून टाचण्या गोळा केल्या. पुष्कळ निघाल्या. डबीत ठेवल्या आहेत, लागतील तिला.

८ नोव्हेंबर

सांगाडा तयार. मधे लोखंडी पाइप, त्याभोवती खाली मोठं वर लहान अशी वेल्डरकडून करून आणलेली कडी, त्यावर जाळी. खोलीत असा शोभतो की बघत बसावं.

सायंकाळी: सांगाडा दारातून बाहेर जात नाही. आडवा केला, तिरका केला, खालचं कडं दाबून पाहिलं. शेजारच्या शिक्षिकाबाई मदतीला आल्या. म्हणाल्या, बांधण्याआधी दार मोजलं नव्हतं का? मी म्हणालो, आवार मोजलं होतं.

९ नोव्हेंबर

सांगाडा करवतीने मधोमध कापला. दोन भागांत केलेलं झाड वाहतुकीला सोयीचं पडतं. हाच मूळ प्लॅन असल्यासारखं आता वाटतंय.

१२ नोव्हेंबर

आज लायसन्सच्या टेस्टचा दिवस. डॉक्टरीणबाईंना घेऊन मैदानावर उभा होतो. पुढे दुसऱ्या स्कूलची पांढरी गाडी. तिच्यात ही. स्टिअरिंगवर.

मी माझ्या गाडीच्या मागच्या चाकाशी वाकलो. चाकात हवा कमी वाटत होती. तिथून दिसत होतं.

हिने गाडी मागे घेतली. खांबांच्या मधे. एकदाही न थांबता, एकदाही खांबाला न लागता. मान वळवून मागे बघत होती, तो चेहरा मी पाहिलेला नाही. परीक्षक हसून काहीतरी म्हणाला. हीही हसली.

लेक लहान असताना हिने माझ्याकडे शिकायला घेतलं होतं. दोन रविवार. तुला अंदाजच नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो, आणि तिसऱ्या रविवारी हिला घरात काम निघालं. नवऱ्याकडे शिकू नये म्हणतात ते खरं आहे. दुसरीकडे शिकली हे उत्तमच. मला नाताळला सरप्राइज द्यायचं असणार. मी पाहिलं नाही असंच दाखवणार आहे.

डॉक्टरीणबाई नापास. खांबाला लागली गाडी. मी त्यांना एक शब्द बोललो नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज जेवण सोडून लिहायला बसलोय. आनंदाने.

आठवडाभर आवारात होतो. सांगाडा जोडला, उभा केला, पट्ट्या जाळीवर दोऱ्याने बांधल्या. बटण दाबलं, काळोख. प्रोग्राम बदलला, काळोख. कंट्रोलर बदलला. सप्लाय बदलला. घंटावाले काका रोज घंटा वाजवून झाली की येऊन उभे राहायचे आणि अजून नाही का, एवढंच विचारून जायचे.

आज प्रॅक्टिस सुटली तेव्हा मी खाली बसलो होतो. ही आली. झाडाभोवती एक चक्कर मारली. पट्टी दोन बोटांत धरून, कापडाची वीण बघावी तशी बघितली. म्हणाली, हे बारीक बाण कसले छापलेत? मी म्हणालो, असतात तसे. म्हणाली, सगळे खाली तोंड करून आहेत. तुमची वायर तर खालून वर जातेय.

निरोप बाणाच्या दिशेनेच जातो. व्हिडिओत होतं ते. बहुतेक त्याच वेळी मी चहा करायला उठलो होतो.

मग ही खाली बसली. पर्स बाजूला ठेवली आणि गाठी सोडायला लागली. माझ्या गाठी मला सुटत नव्हत्या, हिला सुटल्या. पट्ट्या उलट्या केल्या, पुन्हा बांधल्या. दोरा दातांत धरायची सवय तीच. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं झाडाच्या दोन बाजूंना होतो. जाळीतून तिचे हात दिसत होते. मी म्हणालो, बरं झालं तू पाहिलंस. म्हणाली, आधी दाखवली असतीत तर आधी सांगितलं असतं. तुम्ही दाखवत कुठे काही. पण रागाने नाही म्हणाली. हसून म्हणाली.

बटण दाबलं. तळापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड लागलं. हिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हिने टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, दोनदाच.

घरी येऊन पलंगावरची चादर बदलली. बाथरूममधला नळ गळतो, तो या आठवड्यात. टेबलाचं पॉलिश. कपाटाचं एक दार निघालं आहे ते. नाताळच्या आत सगळं.

२४ नोव्हेंबर

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. आल्या आल्या फुलदाणी उचलली आणि टेबल पाहिलं. फुलदाणी पुन्हा होती तिथे ठेवली. जेवताना म्हणाली, बाबा, आई परत येणार नाहीये.

मी म्हणालो, नाताळला येईल.

म्हणाली, तिने जागा घेतली आहे. बेकरीच्या वर, दोन खोल्या. पुढच्या महिन्यात राहायला जातेय.

मी म्हणालो, शिवणकामाला जागा लागतेच. सासूबाईंकडे कापड पसरायला कुठे आहे? वर्कशॉप वेगळं असलेलं बरं. रात्री माणूस घरी येऊ शकतं.

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, हुंदका आत ओढून. मी तिला झाडाच्या शेंड्याबद्दल सांगायला लागलो. म्हणजे पांढरा रंग दिला तर खाली पांढरा दिसतो, पण वर जाता जाता पिवळट होतो आणि शेंडा तर लालच होतो, याचं कारण सापडत नाहीये. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग उठून तोंड धुऊन आली आणि म्हणाली, चला, दाखवा कुठे लाल होतं ते. आवारात जाऊन तिने टॉर्च धरला.

तिला विश्रांतीची गरज आहे. नोकरीत ताण फार असतो.

२९ नोव्हेंबर

कारण सापडलं. खालून सोडलेला करंट वर पोचेपर्यंत थकतो. आधी निळा रंग जातो, मग हिरवा, तांबडा तेवढा तग धरतो. उपाय सोपा आहे: शेंड्यालाही वेगळी वायर नेऊन वरूनही करंट द्यायचा. दिली. शेंडा पांढरा झाला.

लेक परत गेली. स्टेशनवर मी सांगितलं, नाताळला ये, तिघं एकत्र जेवू. तिने मला मिठी मारली. म्हणजे येणार.

५ डिसेंबर

पॅटर्न तयार. पहिल्या गाण्याला निळा, खालून वर लाटा. दुसऱ्याला हिरवा आणि पांढरा. तिसऱ्या गाण्यात हिचं एकटीचं कडवं आहे. त्या कडव्याला सगळं झाड आधी विझणार, आणि मग तळापासून एकेक दिवा पिवळा होत शेंड्यापर्यंत जाणार. पिवळा हिचा आवडता. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी हिला पिवळा स्वेटर आणला होता, तेव्हा हिने तो लगेच घालून दाखवला होता.

या एका कडव्यासाठी आठवडा गेला. दिवा जरा लवकर लागला तर गाण्याच्या पुढे पळतो, उशीर झाला तर मागे रेंगाळतो. मी प्रॅक्टिसच्या वेळी खिडकीखाली बसून फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी ते पुन्हा पुन्हा लावून जुळवलं. हिचा आवाज एवढा लक्ष देऊन मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या ओळीच्या मधे ही श्वास घेते. तिथे मी एक दिवा थांबवला आहे.

ठरलं: गाणी संपली की लोक चहाकडे जातात. तेव्हा झाडाशी गाठायचं. मोठं भाषण नाही. दोनच शब्द. चल घरी.

१३ डिसेंबर

दोन दिवस पाऊस. जोडांत पाणी गेलं. कंट्रोलर जळाला, वास हॉलपर्यंत गेला. घंटावाले काकांनी न विचारता फाटकावर साध्या बल्बांची एक माळ टांगली आणि प्लग लावला. लागली. सेक्रेटरी तिच्याखाली उभे राहून म्हणाले, अगदीच वेळ आली तर हे आहेच.

मी नवा कंट्रोलर आणला. प्रत्येक जोडाला सिलिकॉन लावलं. नळ, पॉलिश, कपाटाचं दार: प्रोजेक्ट संपल्यावर. एका वेळी एकच काम नीट होतं.

१९ डिसेंबर, शनिवार

रंगीत तालीम. पहिल्यापासून शेवटपर्यंत झाड चुकलं नाही. फादर स्वतः येऊन पाठ थोपटून गेले. सेक्रेटरी म्हणाले, मानलं बुवा.

ही नव्हती. तिच्या कडव्याला दुसऱ्या बाई गायल्या. त्या दुसऱ्या ओळीच्या मधे श्वास घेत नाहीत, त्यामुळे तिथे दिवा उगीच थांबल्यासारखा दिसला. मी विचारलं, ही कुठे आहे? त्या बाई वही चाळत म्हणाल्या, आज सामान हलवतेय ना ती.

घसा बसला असेल, थंडी आहे, असं मी म्हणालो. त्या हो म्हणाल्या.

२४ डिसेंबर, दुपार

शर्ट इस्त्री केला. घर झाडलं. टेबलावर तीन ताटं मांडून ठेवली. लेकीचा फोन आला, ती थेट चर्चमध्येच येणार आणि रात्री आजीकडे राहणार म्हणाली. एक ताट उचललं. दोन राहिली.

वायर तपासल्या. मनाशी म्हणून पाहिलं: चल घरी. ठीक वाटतं. सहज वाटतं.

२५ डिसेंबर, सकाळ

काल सगळं चाललं. हे आधी लिहितो, नाहीतर राहून जाईल.

निळ्या लाटा आल्या. मुलं ओरडली. हिरवा-पांढरा नीट झाला. तिसऱ्या गाण्याला मी झाड विझवलं आणि आवार गप्प झालं. ही दुसऱ्या रांगेतून पुढे आली. गायला लागली आणि पहिला दिवा लागला. तिच्या आवाजाबरोबर एकेक दिवा वर चढत गेला. दुसऱ्या ओळीच्या मधे तिने श्वास घेतला, दिवा थांबला. तिने गाता गाता वर पाहिलं. तिला कळलं. मला दिसलं ते.

लोक चहाकडे गेले. मी तिच्याजवळ गेलो. दोन शब्द तयार होते. पण मी तिला शेंड्याच्या वायरबद्दल सांगत सुटलो, आणि सिलिकॉनबद्दल, आणि दिवे किती बारीक वेळात बदलतात त्याबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, फार सुंदर झालंय हो. तिथे मी श्वास घेते ते तुम्हाला कसं कळलं?

मी म्हणालो, चल घरी.

तिने झाडाकडे पाहिलं. म्हणाली, मी जूनमध्ये सांगितलं होतं तुम्हाला. टेबलावर समोर बसून. मी जातेय, आणि परत येणार नाही, असं सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?

मी म्हणालो, नाही.

म्हणाली, तुम्ही म्हणालात, बरं, येताना दाढीची ब्लेड घेऊन ये.

आणि ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आठवडाभर मला वाटायचं, कधीतरी लक्षात येईल आणि धावत याल. तुम्ही गुडघ्याला लावायला मलम पाठवलंत.

आईचा गुडघा कधीच दुखत नव्हता, असंही म्हणाली. ते मला माहीत होतं. बाजारात त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या तेव्हाच कळलं होतं. मशीन जिन्यातून उतरवताना पुन्हा कळलं होतं.

मी विचारलं, पिवळा आवडला का? ती म्हणाली, मला पिवळा कधीच आवडला नाही हो. पण आज छान दिसत होता, असं सांगेन मी उद्या सगळ्यांना.

लेक लांब उभी होती, सासूबाईंचा हात धरून. आमच्याकडे बघत नव्हत्या दोघी, म्हणजे बघत होत्या.

तिने जुनी छोटी गाडी घेतली आहे. म्हणाली, बसा, सोडते. मी बसलो. डाव्या सीटवर, जिथे मी रोजच बसतो. तिथे माझ्या पायाखाली ब्रेक असतो, तिच्या गाडीत नव्हता. पहिल्या दोन वळणांना माझा पाय जमिनीवर दाबला गेला. तिने पाहिलं. गिअर बदलला. चांगली चालवते. अंदाज उत्तम आहे. हे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, हो, आहे.

दारापाशी तिने गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. मी उतरलो.

घरात गेलो. दोन्ही ताटं जागेवर ठेवली.

२८ डिसेंबर

झाड नव्या वर्षापर्यंत ठेवायचं ठरलं आहे. रोज सायंकाळी प्लग लावायला जातो. पॅटर्न बदललेला नाही. तिसऱ्या गाण्याच्या वेळचं ते कडवं काढून टाकावं म्हणून बसलो होतो. प्रोग्राममध्ये त्या ओळी कुठे आहेत ते सापडलं. तशाच ठेवल्या. गाण्याविना तो दिवा मधेच का थांबतो, असं एका माणसाने विचारलं. मी म्हणालो, काहीतरी बिघाड आहे.

३ जानेवारी, रविवार

झाड उतरवलं. सेक्रेटरींनी पट्ट्या खोक्यात भरून घेतल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हीच, असं म्हणाले. मी म्हणालो, बघू.

दुपारी टाचण्यांची डबी, राहिलेले स्वेटर आणि तिचं मोठं पातेलं घेऊन बेकरीवर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. तिने दार उघडलं, आत या म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही, बाजूला झाली. दोन खोल्या. खिडकीशी मशीन. त्यावर कोणाचातरी अर्धा शिवलेला कोट. खालून पावाचा वास येत होता. तिने पाणी दिलं.

स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा वायरीनिशी खाली लोंबत होता. मी म्हणालो, हा मी बसवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. टेस्टर खिशात होता.

ती म्हणाली, नको, इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

मी म्हणालो, तो करेल नीट.

थोडा वेळ बसलो. मग उठलो. जिन्यात उजेड नव्हता. भिंतीला हात लावून उतरत होतो. वरून ती म्हणाली, सांभाळून, शेवटची पायरी उंच आहे.

होती.